मेंदूच्या अंतरंगांत प्रकाशाचा प्रवेश

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. नववीच्या वर्गांत प्रकाशाच्या वक्रीभवनाचा पाठ चालू असतां मधल्या बाकावरचा एक विद्यार्थी एकाएकीं ताठ झाला, खालीं कोसळला आणि त्याच्या हातापायांस झटके येऊं लागले. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. मग दोन मुलें धांवलीं. एकानें पायांतील चप्पल काढून त्याच्या नाकाशीं धरली. दुसरा जेवणाच्या डब्यांतून कांदा काढूं लागला. मीं दोघांनाहि बाजूस सारलें. परंतु त्यांचा मला राग आला नाहीं. पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या आत्याला अशीच फेफरें येत, आणि तेव्हां घरांतील चप्पल घेऊन मीच सर्वांच्या आधीं धांवत असें. वडील माणसांनीं सांगितलें, तें मीं केलें. तिच्या मेंदूंत त्या घटकेला काय चाललें असेल, हा प्रश्न आमच्या घरांत कधीं कोणीं विचारलाच नाहीं.

तो प्रश्न या मुलानें विचारला. आठ दिवसांनीं त्याचे वडील त्याला घेऊन शाळेंत आले, तेव्हां त्यांच्या हातांत एम. आर. आय. चा मोठा लिफाफा होता. मेंदूंत कोठेंहि दोष आढळला नाहीं, असा अहवाल होता. वडिलांना समाधान वाटलें होतें, पण कोडेंहि पडलें होतें. मुलगा मला म्हणाला, "सर, चित्रांत कांहींच दिसलें नाहीं, मग झटका येतो कोठून? आंत काय होतें, तें कोणाला दिसतें तरी का?" त्या वेळीं मीं त्याला अर्धेंच उत्तर देऊं शकलों. राहिलेलें उत्तर त्याच्या व त्याच्या वडिलांच्या संमतीनें येथें लिहीत आहें; कारण हा प्रश्न अनेक घरांतला आहे.

प्रथम हें पाहूं कीं, त्या चित्रांत कांहीं कां दिसलें नाहीं. एम. आर. आय. हें फार उपयुक्त साधन आहे. मेंदूंतील गांठ, जुन्या जखमेचा वण, पट्टकृमीच्या अळीची पुटकुळी, अशा गोष्टी तें उत्तम दाखवितें. परंतु रुग्णालयांतील नेहमींच्या चित्रांत सुमारें एक मिलीमीटरहून बारीक गोष्ट वेगळी दिसत नाहीं. आतां एका घन मिलीमीटरांत काय असतें? मानवी मेंदूच्या बाह्यपटलाचा इतका लहानसा तुकडा घेऊन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं त्याचा संपूर्ण नकाशा २०२४ सालीं प्रसिद्ध केला. मोहरीच्या दाण्याहूनहि लहान अशा त्या तुकड्यांत सुमारें ५७,००० पेशी व त्यांना जोडणारे सुमारें १५ कोटी सांधे आढळले. एम. आर. आय. च्या दृष्टीला हें सर्व मिळून एक ठिपका! विमानांतून जालना शहर पाहिलें तर कुंडलिका नदी दिसेल, रेल्वेचे रूळ दिसतील. परंतु कोणत्या आळींत कोणत्या घरीं भांडण पेटलें, हें दिसणार नाहीं. अपस्माराचा झटका म्हणजे असंख्य मज्जापेशींनीं एकाच वेळीं उसळून केलेला गलबला होय. तो कोठल्या पेशींपासून सुरू होतो व शेजारच्या पेशींत कसा पसरतो, हें पाहावयाचें तर एकेक पेशी दिसली पाहिजे. मज्जापेशीचें शरीर बहुधा मिलीमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढें असतें. त्यास सूक्ष्मदर्शकच हवा.

सूक्ष्मदर्शक तर आपल्या शाळेंतहि आहे. त्याखालीं तुम्ही कांद्याचा पापुद्रा पाहिला आहे. पण पापुद्राच कां? अखंड कांदा कां नव्हे? कारण प्रकाश आरपार जाण्यासाठीं वस्तु पातळ असावी लागते. मेंदूचा अभ्यासहि प्रथम असाच झाला. इटलीच्या कामिलो गोल्गी यांनीं १८७३ सालीं मज्जापेशींना काळा रंग देण्याची कृति शोधिली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनीं त्या कृतीनें मेंदूचे पातळ काप रंगवून पेशींचीं अप्रतिम चित्रें काढिलीं. दोघांना मिळून १९०६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र ते काप मृत मेंदूचे होते. मृत कापाला झटका येत नाहीं. तो कांहीं आठवत नाहीं, कांहीं विसरत नाहीं. आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर जिवंत, अखंड मेंदूंतच शोधिलें पाहिजे, आणि तेथेंच अडचण आहे.

ती अडचण समजण्यासाठीं आपल्याकडच्याच एका वस्तूकडे पाहा. जालन्याच्या परिसरांत कापूस कोणीं पाहिला नाहीं? त्याचा एकच तंतु भिंगाखालीं धरा. तो कांचेच्या दोऱ्यासारखा जवळजवळ पारदर्शक दिसेल. मग जिनिंगमधला कापसाचा ढीग पांढराशुभ्र व अपारदर्शक कां? त्यांत काळें, प्रकाश गिळणारें असें कांहींच नाहीं. परंतु हवेंतून तंतूंत आणि तंतूंतून पुन्हां हवेंत जातांना प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा वळतो व थोडा मागें फिरतो. अशा लक्षावधि सीमा ओलांडतां ओलांडतां त्याची दिशाच हरपते. यास प्रकाशाचें विकिरण म्हणतात. मेंदूचीहि स्थिति अशीच आहे. त्यांत पाणी आहे, मेदाचीं पटलें आहेत, प्रथिनें आहेत. प्रत्येकाचा वक्रीभवनांक निराळा. म्हणून मेंदूंत शिरलेला प्रकाश फारसा नष्ट होत नाहीं, तो वाट चुकतो. ही गोष्ट नीट ध्यानांत धरावी, कारण पुढील सर्व युक्त्या हिच्यावरच उभ्या आहेत. जो नष्ट झाला त्याला परत आणतां येत नाहीं. जो वाट चुकला आहे त्याच्यासाठीं उपाय करतां येतो.

येथें कोणी म्हणेल, मग प्रकाश अधिक प्रखर करावा. हिवाळ्याच्या पहांटे धुक्यांतून मोटार हांकणाऱ्यास विचारा. दिवा प्रखर केला कीं समोरचें धुकेंच अधिक उजळतें आणि रस्ता पूर्वींपेक्षां कमी दिसतो. शिवाय हिशेब पाहा. समजा, प्रत्येक दशांश मिलीमीटरांत निम्मे किरण वाट चुकतात. तर एक मिलीमीटर खोलीवर दहा वेळां निम्मे होऊन १,०२४ पैकीं एकच किरण सरळ पोंचेल. हें चक्रवाढ व्याजाच्या उलट गणित आहे, आणि नुसत्या जोरानें तें जिंकतां येत नाहीं.

पहिला उपाय तुमच्या घरांतच आहे. भजीं ज्या कागदावर ठेवतात तो कागद दिव्यासमोर धरा. जेथें तेल लागलें आहे तेथें तो अर्धवट पारदर्शक झालेला दिसेल. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेलानें घेतली. तेल व तंतु यांचे वक्रीभवनांक जवळजवळ सारखे. म्हणून सीमेवर प्रकाश वळेनासा झाला. याच तत्त्वावर जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनीं १९११ च्या सुमारास शरीराचे अवयव तेलांत मुरवून पारदर्शक करून दाखविले. त्यांनीं वापरिलेल्या तेलांपैकीं एकाचा वास तुम्हांला परिचित आहे. अंगदुखीच्या मलमांत तेंच विंटरग्रीनचें तेल असतें. शंभर वर्षांनंतर, २०१३ सालीं, अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत क्वांगहुन चुंग व कार्ल डायसेरॉथ यांनीं निराळी रीत काढिली. मेंदूंत जेलीसारखें जाळें भरून पेशींतील इतर द्रव्यें जागच्या जागीं बांधावयाचीं आणि मग विकिरणाचें मुख्य कारण असलेला मेद धुऊन काढावयाचा. या रीतीनें उंदराचा अखंड मेंदू कांचेसारखा झाला व त्यांतील मज्जातंतु न कापतां मुळापासून शेंड्यापर्यंत दिसूं लागले. परंतु मेद काढून घेतलेला मेंदू जिवंत राहात नाहीं. शहराचे सर्व रस्ते दिसले, पण रहदारी थांबलेली!

दुसरा उपाय प्रकाशाचीच निवड बदलण्याचा. अंधाऱ्या खोलींत मोबाइलच्या दिव्यावर बोट ठेवा. दिवा पांढरा असून बोटांतून बाहेर येणारा प्रकाश तांबडा दिसतो. याचीं कारणें दोन. रक्त हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतें. आणि ज्याची तरंगलांबी आंखूड तो प्रकाश अधिक विखुरतो, ज्याची लांब तो कमी. आकाश निळें आणि सूर्यास्त तांबडा दिसतो, त्याच्या मुळाशीं हें दुसरें कारण आहे. हवेच्या सूक्ष्म कणांबाबत हा नियम फार कडक आहे. तरंगलांबी दुप्पट केली तर विकिरण सोळापट कमी होतें. मेंदूंतील कण मोठे असल्यामुळें तेथें इतका लाभ होत नाहीं, तरी पुष्कळ होतो. वरच्या उदाहरणांत निम्मे किरण चुकण्याचें अंतर दुप्पट झालें, तर एक मिलीमीटरवर १,०२४ पैकीं एक नव्हे, ३२ पैकीं एक किरण पोंचेल. म्हणजे मेंदूंत जाण्यासाठीं तांबड्याच्याहि पलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश घ्यावा.

येथें एक नवीन पेंच पडतो. मज्जापेशी मुळांत रंगहीन असतात. त्या दिसाव्यात म्हणून त्यांत चमकणारें द्रव्य असावें लागतें. असें एक हिरवें प्रथिन जपानी शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांनीं एका जातीच्या जेलीफिशमध्यें शोधून १९६२ सालीं जगापुढें मांडलें. पुढें तें इतर प्राण्यांच्या पेशींत निर्माण करण्याची युक्ति साधली, आणि २००८ चें नोबेल पारितोषिक शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी व रॉजर चेन या तिघांना मिळालें. २००१ सालीं जपानांत या प्रथिनाचें असें रूप तयार झालें कीं, मज्जापेशी कामास लागून तिच्यांतील कॅल्शियम वाढलें कीं तें अधिक चमकावें. म्हणजे पेशी काय करीत आहे, याची वर्दी ती स्वतःच प्रकाशानें देऊं लागली. परंतु या हिरव्या प्रथिनाला चेतविण्यास निळा प्रकाश लागतो, आणि निळा तर खोल जात नाहीं. अवरक्त खोल जातो, पण त्याच्या एकेका कणांत, म्हणजे फोटॉनांत, प्रथिन चेतविण्याइतकी ऊर्जा नसते. जो समर्थ तो पोंचत नाहीं. जो पोंचतो तो समर्थ नाहीं.

हा पेंच सोडविणारी कल्पना मारिया ग्योपर्ट या तरुण जर्मन विदुषीला जर्मनींतील ग्योटिंगेन येथें सुचली. विवाहोत्तर ग्योपर्ट-मायर या नांवानें तिचा निबंध १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. तिनें गणितानें दाखविलें कीं, दोन अशक्त फोटॉन एकाच रेणूवर अगदीं एकाच क्षणीं येऊन पोंचले, तर दोघांची ऊर्जा मिळून एका सशक्त फोटॉनाचें काम होईल. मोंढ्यावर हमालांना पाहा. शंभर किलोचें ज्वारीचें पोतें एकट्या माणसाला उचलवत नाहीं. दोघांनीं दोन टोकांना धरून एकाच वेळीं जोर केला तर तें सहज उठतें. एकानें आतां आणि दुसऱ्यानें क्षणभरानें जोर करून कांहीं उपयोग नाहीं. फोटॉनांबाबत ही एकाच वेळची गांठ इतकी दुर्मिळ कीं, त्या काळच्या कोणत्याहि दिव्यानें ती घडविणें शक्य नव्हतें. १९६० सालीं लेसरचा शोध लागला, आणि १९६१ सालींच ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध झाली. ग्योपर्ट-मायर यांना १९६३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें अणुकेंद्राच्या रचनेवरील निराळ्या कामासाठीं.

या कल्पनेवरून सूक्ष्मदर्शक बनविला तो अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत, विन्फ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिक्लर व वॅट वेब यांनीं, १९९० सालीं. त्यास द्विफोटॉन सूक्ष्मदर्शक म्हणतात. याच्या लेसरचा प्रकाश अखंड धारेनें येत नाहीं. तो अत्यंत लहान स्पंदांनीं येतो. अशा यंत्रांत बहुधा एका सेकंदांत सुमारें आठ कोटि स्पंद असतात. एकेक स्पंद इतका अल्पकालीन कीं, तेवढ्या वेळांत प्रकाशासारखा वेगवान प्रवासीहि मिलीमीटरच्या सुमारें तीन शतांशांइतकेंच अंतर कापतो. म्हणजे प्रकाशाचा केंसाहून पातळ असा एक पापुद्रा, त्यामागून पावणेचार मीटर रिकामी जागा, मग दुसरा पापुद्रा. सर्व शक्ति त्या पापुद्र्यांत एकवटल्यामुळें फोटॉनांची गर्दी प्रचंड होते, पण सरासरी उष्णता अल्प राहते आणि मेंदू भाजत नाहीं.

याचा खरा लाभ पुढेंच आहे. चमक फोटॉनांच्या गर्दीच्या वर्गाच्या प्रमाणांत असते; गर्दी दुप्पट तर चमक चौपट. त्यामुळें भिंगानें किरण जेथें एका बिंदूंत आणले, तेथेंच काय ती चमक निघते. वाटेंत गर्दी विरळ असल्यामुळें वाट अंधारी राहते. धुक्यांतून जातांना धुकें न उजळतां फक्त रस्त्यावरचा एकच खडा उजळावा, तसें हें झालें. मग हा बिंदु आरशांनीं मेंदूंत ओळीओळीनें फिरवावयाचा आणि प्रत्येक ठिकाणीं किती चमक आली तें टिपावयाचें. बाहेर येतांना ती चमक वाट चुकली तरी चिंता नाहीं. ती निघाली कोठून हें आधींच ठाऊक आहे; म्हणून वेड्यावांकड्या वाटेनें आलेला कणहि हिशेबांत धरतां येतो. प्रकाशाची जातांनाची वाट तेवढी सांभाळली, येतांनाची सोडून दिली! या युक्तीनें जिवंत उंदराच्या मेंदूंत अर्धा मिलीमीटर व त्याहून अधिक खोलीवरच्या पेशी स्वच्छ दिसूं लागल्या.

त्याहून फार खोल जाऊं लागतां लेसर इतका प्रखर करावा लागतो कीं वरचे थरहि चमकूं लागतात आणि धुकें परत येतें. तेव्हां दोनांऐवजीं तीन फोटॉनांचा मेळ घालावयाचा. आतां चमक गर्दीच्या घनाच्या प्रमाणांत होते. गर्दी दुप्पट तर चमक आठपट. बिंदूबाहेरचा उजेड जवळजवळ नाहींसा होतो, आणि प्रत्येक फोटॉनाचा भार आणखी कमी असल्यामुळें तरंगलांबीहि अधिक लांब घेतां येते. फार लांबहि चालत नाहीं, कारण मग मेंदूंतील पाणीच प्रकाश पिऊन तापतें. म्हणून पाणी त्यांतल्या त्यांत कमी शोषील अशा १,३०० व १,७०० नॅनोमीटरजवळच्या तरंगलांबी निवडल्या गेल्या. २०१३ सालीं कॉर्नेल येथेंच क्रिस शू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या मार्गानें उंदराच्या बाह्यपटलाच्या सुमारें एक मिलीमीटर जाडीच्या थराखालीं असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागापर्यंत दृष्टि पोंचविली. २०१७ सालीं त्याच खोलीवर काम करीत असलेल्या मज्जापेशी त्यांनीं पाहिल्या.

तीन फोटॉनांच्या या विद्येशीं आपल्या महाराष्ट्राचाहि जवळचा संबंध आहे. प्रा. सुदीप्त मैती हे कॉर्नेल येथें वॅट वेब यांच्याबरोबर काम करीत असतां १९९७ सालीं त्यांनीं सेरोटोनिन या द्रव्याचें जिवंत पेशींतील चित्र तीन फोटॉनांनीं टिपलें. सेरोटोनिन हें मज्जापेशींमधील निरोप्यांपैकीं एक असून मनःस्थिति, झोंप व भूक यांच्याशीं त्याचा संबंध आहे. तें स्वतःच मंद चमकतें, पण त्याला चेतविण्यास तीव्र अतिनील प्रकाश लागतो आणि तो जिवंत पेशीस घातक. तीन सौम्य फोटॉनांनीं मिळून तेंच काम पेशीस न दुखवितां केलें. पुढें प्रा. मैती मुंबईस, होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले. तेथें हे सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेंतच जुळविण्यांत आले. २००८ सालीं त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं उंदराच्या मेंदूच्या जिवंत ठेवलेल्या कापांत दाखविलें कीं, सेरोटोनिन केवळ मज्जातंतूच्या टोकांतून सुटत नाहीं, पेशीच्या मुख्य शरीरांतूनहि तें लक्षांत घेण्याजोग्या प्रमाणांत सुटतें. कुलाब्याच्या समुद्रकांठीं हें पाहण्यांत आलें, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावी.

तिसरा उपाय खगोलशास्त्रांतून आला. तारे लुकलुकतात तें वातावरणामुळें. हवेचे थर तारकेच्या किरणांस सतत वेडेंवांकडें करतात. १९५३ सालीं अमेरिकन ज्योतिर्विद होरेस बॅबकॉक यांनीं सुचविलें कीं, किरण किती वांकले हें मोजून आरशाचा पृष्ठभागच उलट दिशेनें तितका वांकवावा, म्हणजे दोन चुका मिळून चित्र शुद्ध होईल. ज्या संस्थेचे पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर होते, त्या पुण्याच्या आयुकानें कॅलिफोर्नियांतील कॅल्टेकच्या सहकार्यानें 'रोबो-एओ' हें याच तत्त्वावरचें यंत्र बनविलें. तें पॅलोमार पर्वतावरील दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसविण्यांत आलें. मेंदू म्हणजे जणूं अत्यंत दाट व ओबडधोबड वातावरणच. अमेरिकेंतील जनेलिया संशोधन केंद्रांत ना जी व एरिक बेट्झिग यांनीं २०१० च्या सुमारास ही ताऱ्यांची विद्या सूक्ष्मदर्शकास लावली, आणि खोलीवर पुसट होणारे मज्जातंतु पुन्हां रेखीव दिसूं लागले. आकाश पाहण्यासाठीं शोधलेला उपाय डोक्याच्या आंत पाहण्यास उपयोगी पडला.

आतां आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊं. आंत काय होतें, तें कोणाला दिसतें का? उंदराच्या मेंदूंत तें दिसूं लागलें आहे. मुद्दाम घडविलेला झटका एका ठिकाणीं सुरू होऊन पेशीपेशींतून शेजारीं कसा पसरत जातो, हें द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकानें प्रत्यक्ष पाहण्यांत आलें आहे. खोली कां हवी, हेंहि आतां कळेल. हिप्पोकॅम्पस हें स्मृतीचें महत्त्वाचें केंद्र असून मोठ्या माणसांतील अपस्माराच्या एका नेहमीं आढळणाऱ्या प्रकारांत झटक्यांचा उगम बहुधा तेथें किंवा त्याच्या आसपास असतो. त्या मिलीमीटरभर थराखालीं पोंचल्याशिवाय त्याचा जिवंत उगम पाहतां आला नसता.

परंतु शिक्षकानें आशेपेक्षां अधिक कांहीं विकूं नये. ही दृष्टि अजून उंदराची कवटी उघडून व तेथें कांचेची खिडकी बसवूनच मिळते. पेशींत चमकणारें प्रथिनहि मुद्दाम घालावें लागतें. माणसाचा हिप्पोकॅम्पस तर कवटीच्या आंत कांहीं सेंटिमीटर खोल असतो. तेव्हां या सूक्ष्मदर्शकानें कोणा मुलाची तपासणी होत नाहीं, आणि कोणी तसें सांगून पैसे मागितले तर विश्वास ठेवूं नये. या विद्येचा उपयोग रोगाची रीत समजून घेण्यासाठीं आहे. औषधें पुढें त्या समजुतींतून येतील.

आज जें हातीं आहे तेंहि थोडें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें योग्य औषधोपचार मिळाला तर अपस्माराचे दहांपैकीं सुमारें सात रोगी झटक्यांपासून मुक्त राहूं शकतात. हा रोग स्पर्शानें होत नाहीं. तो कोणाच्या पापाचें फळ नाहीं. आणि त्यामुळें मुलीचें लग्न किंवा मुलाचें शिक्षण थांबविण्याचें कारण नाहीं. कोणाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवावें, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवावें, जवळच्या टणक वस्तु दूर कराव्या. तोंडांत पाणी, चमचा, बोट कांहीं घालूं नये. हातपाय दाबून धरूं नयेत. घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका न थांबला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीं दुसरा आला, तर ताबडतोब रुग्णालय गांठावें. आणि बरें वाटतें म्हणून डॉक्टरांना न विचारतां औषध बंद करूं नये. चप्पल पायांत राहूं द्यावी. कांदा भाजींत घालावा.

हें सर्व मीं त्या मुलाला दिवाळीच्या सुटीपूर्वीं सांगितलें. त्यानें कंपासपेटींतील पट्टी काढून एक मिलीमीटर किती तें नखानें दाखविलें व विचारलें, "सर, एवढेंच?" मीं म्हटलें, "एवढेंच. १९३१ सालीं ती कल्पना निघाली आणि २०१३ सालीं तेथें पोंचली. या मिलीमीटराला ब्याऐंशी वर्षें लागलीं." तो थोडा वेळ पट्टीकडे पाहात राहिला. मग म्हणाला, "म्हणजे कोणी तरी सारखें बघत होतें."

होय, कोणी तरी सारखें बघत होतें. माझ्या आत्याला फेफरें येत, तेव्हां आम्ही दार लावून घेत असूं व शेजाऱ्यांपासून तें लपवीत असूं. आमचें तिच्यावर प्रेम नव्हतें असें नाहीं. पण आम्ही बघत नव्हतों. या मुलाला पुन्हां एकदां वर्गांत झटका आला, तेव्हां त्याच्या सोबत्यांनीं त्याला कुशीवर वळविलें, एकानें आपलें दप्तर त्याच्या डोक्याखालीं ठेविलें, आणि पूर्वीं जो चप्पल घेऊन धांवला होता तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मिनिटें मोजीत होता. दोन मिनिटें झालीं होतीं, तों झटका थांबला. मग आम्हीं वक्रीभवनाचा राहिलेला पाठ पुरा केला.